बॉन्डवर पीएचसीला जाण्याआधी मुंबईत इमर्जन्सीचं कोणतं ट्रेनिंग घ्यावं? दोन महिने हातात आहेत

तुमच्या प्रश्नाचं शेवटचं वाक्य आहे, "नाहीतरी तिथे रेफरच करायचं असतं, मग एवढं शिकून उपयोग आहे का?" तेवढ्यासाठी लिहायला बसले. हेच वाक्य मी २०११ च्या पावसाळ्यात मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत ऐकलं होतं, पहाटे, भिजलेल्या कपड्यांनी उभी असताना. तेव्हा उत्तर देता आलं नाही.

मी ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात बॉन्डवर होते, म्हणजे एमबीबीएसनंतरची सक्तीची सरकारी सेवा, एका प्राथमिक आरोग्य केंद्रात (पीएचसी). रात्री एकच्या सुमारास सोळा वर्षांच्या एका मुलाला घेऊन आले. जमिनीवर झोपला होता, पोटात दुखतंय म्हणून उठला. सूज नाही, दाताची खूण नाही. मी अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन भरायला घेतलं होतं. आमच्या आरोग्यसेविकाबाईंनी टॉर्च त्याच्या तोंडावर धरला आणि म्हणाल्या, "मॅडम, पापण्या बघा. उचलतच नाहीयेत. मण्यार आहे."

मण्यार, म्हणजे विषाने स्नायू आणि श्वास बंद पाडणारा साप, मी परीक्षेला पाठ केली होती. तरी कॉलेजात पाहिलं होतं म्हणून आधी एएसव्हीची (सर्पविषावरच्या औषधाची) टेस्ट डोस करून वाट बघत बसले. ती करायचीच नसते. अ‍ॅड्रेनलिन रिअ‍ॅक्शन आली तर म्हणून भरून हाताशी ठेवायचं आणि दहा व्हायल सुरू करायच्या, मूल असलं तरी दहाच. ती वीस मिनिटं मला अजून आठवतात. व्हायल जाईपर्यंत पोराला थुंकी गिळता येईना, मग मान पडली, मग श्वास.

१०८ ची सरकारी अ‍ॅम्ब्युलन्स तेव्हा नव्हती, ती महाराष्ट्रात २०१४ ला आली. पीएचसीची जीप होती. मी दोन्ही हातांनी मास्क दाबून धरला आणि बाई अँबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, दाबत होत्या. मोठ्याने मोजायच्या, एक, दोन, तीन, चार, पाच, दाब. वाटेत दोन ठिकाणी थांबलो, दोन्हीकडे व्हेंटिलेटर रिकामा नव्हता. कल्याणच्या पुढे ऑक्सिजनचं सिलिंडर संपलं. मी रडायला लागले तर बाई म्हणाल्या, "हवा आहे ना मॅडम, मास्क सोडू नका." त्यांच्या बोटांना पेटके आले तेव्हा आम्ही कामं बदलली. मुंबईत शिरलो तेव्हा पाच वाजत आले होते.

कॅज्युअल्टीतल्या रजिस्ट्रारने डोळ्यांत टॉर्च मारला. बाहुल्या मोठ्या, उजेडाला हलत नव्हत्या. म्हणाला, "गेलाय हा. कशाला दाबताय?" मागून आमचे सर आले आणि मला म्हणाले, "पीएचसीत इतका वेळ का घालवलात? तुमचं काम रेफर करायचं." मी गप्प. बाईंनी बॅग थांबवली नाही. "मण्यारीत डोळे असेच होतात साहेब, नळी घाला." आणि श्वासाची नळी घातली गेली.

चौथ्या दिवशी त्याची बोटं हलली. नळी काढल्यावर मी भेटायला गेले तर त्याने मलाच सांगितलं, "मला सगळं ऐकू येत होतं. त्या बाई पाच म्हणायच्या तेव्हा हवा यायची."

या बाई बॅग कुठे शिकल्या होत्या माहिती आहे? जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला श्वास द्यायला. २००९ ला सुरू झालेल्या नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमाच्या दोन दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये, रबरी बाहुलीवर. माझ्या साडेपाच वर्षांच्या एमबीबीएसने जे दिलं नाही ते त्या दोन दिवसांनी दिलं. म्हणून "रेफर करायचं असतं" म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. श्वास चालू ठेवता येत नसेल तर तुम्ही रेफर करत नाही, जीपमधून प्रेत पाठवता. आमचे सर आजही ट्रेनिंगची गोष्ट निघाली की म्हणतात, पीएचसीवाल्यांना एक लेक्चर द्या, पुरे. सर, लेक्चरने बोटांना सवय लागत नाही. आणि महाडला बसून विंचूदंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून डॉ. हिंमतराव बावस्करांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं, ते त्यांना कोणी मुंबईहून शिकवलं नव्हतं.

आता तुमचं. बीएलएस, एसीएलएस (हृदय-श्वास बंद पडल्यावर काय करायचं याचे कोर्स) करा, दोन-तीन दिवसांत उरकतं, सर्टिफिकेट दोन वर्षं चालतं. पण दोन महिने त्यातच घालवू नका. ओळख काढून, परवानगी घेऊन एखाद्या पालिका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत रात्री उभे राहा आणि फक्त बॅग-मास्क मागून घ्या, गरज असलेल्या प्रत्येक पेशंटला. लेबर रूममध्ये आठवडा काढा. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव, झटके आलेल्या बाईला मॅग्नेशियम सल्फेट, हे तिथे तुमच्यावर येणारच. अर्धा एमएल अ‍ॅड्रेनलिन मांडीत द्यायला हात थरथरू नये इतकी त्याची सवय करा. पीएचसीला पोचलात की पहिल्या आठवड्यात सिस्टर, शिपाई आणि ड्रायव्हर तिघांना बॅग हातात द्या. रात्री तुमच्याबरोबर यांच्यापैकीच कोणीतरी असणार.

हेही सांगायला हवं की तो रजिस्ट्रार बहुतेक सलग दुसऱ्या रात्रीच्या ड्युटीवर होता. पुढे मीही तशा ड्युट्या केल्या, मण्यार न पाहिलेल्या माणसाची तशी चूक होऊ शकते हे मला कळतं. आणि बॅग जोरात दाबली तर हवा पोटात जाऊन उलटी होते, छाती उचलेल इतकीच दाबायची. घोणस, फुरशाचं सगळं वेगळं, त्यांच्या विषाने रक्त गोठत नाही, तिथे वीस मिनिटांची रक्त गोठण्याची टेस्ट शिकून घ्या, साधी काचेची परीक्षानळी लागते. प्लास्टिकच्या नळीत ती चुकते, आणि पीएचसीत बऱ्याचदा प्लास्टिकचीच सापडते. दोन काचेच्या इथूनच घेऊन जा.