सस्पेन्शनच्या किटसाठी कर्ज काढावे का?

लातूर येथील एका प्राध्यापक वाचकांचा प्रश्न असा आहे: सात वर्षे जुनी, ८५,००० किलोमीटर धावलेली त्यांची सेडान गतिरोधकावर आपटते आणि वळणावर झोलते. पुण्यातील एक गॅरेज उंची कमी-जास्त करता येणारे कॉइलओव्हर किट (स्प्रिंग आणि धक्के शोषणारा शॉकअ‍ॅब्सॉर्बर यांचा एकत्र संच) बसवून देण्याचे ९०,००० रुपये सांगते. ही रक्कम १४ टक्के व्याजाच्या वैयक्तिक कर्जातून दोन वर्षांत फेडण्याचा त्यांचा विचार आहे. लातुरातील गॅरेजने मूळ प्रकारचे चार शॉकअ‍ॅब्सॉर्बर (बोलीत शॉकअप), त्यांना गाडीशी जोडणारे माउंट आणि सांध्यांतील रबरी बुश बदलण्याचे २६,००० रुपये सांगितले आहेत. त्यांच्याकडे ७०,००० रुपये शिल्लक आहेत, घरकर्जाच्या हप्त्यासह घरखर्च महिना ४२,००० रुपये आहे आणि तीन वर्षांनी गाडी बदलण्याचा त्यांचा मानस आहे.

आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य आपण जाता जाता लिहिले आहे: मित्राच्या किट बसवलेल्या गाडीत बसल्यावर स्वतःची गाडी खटारा वाटू लागली. मात्र ८५,००० किलोमीटर वापरलेल्या, आतल्या तेलाचा जोर ओसरलेल्या शॉकअपची तुलना नव्याकोऱ्या महागड्या किटशी केली, तर किट जिंकणारच. खरी तुलना आपलीच गाडी शोरूममधून आली तेव्हा कशी चालत होती, त्याच्याशी करायला हवी. आपण सांगितलेली लक्षणे बहुतेक वेळा झिजलेले शॉकअप, फाटलेले बुश आणि सैल लिंक रॉड (सस्पेन्शनचे भाग जोडणारी दांडी) यांचीच असतात, आणि त्यावरचा इलाज २६,००० रुपयांत आपल्याच गावात मिळतो आहे.

आता कर्जाचा हिशेब पाहू. ९०,००० रुपयांवर १४ टक्के दराने २४ महिन्यांचा हप्ता सुमारे ४,३२० रुपये येतो, म्हणजे व्याजापोटी जवळपास १३,७०० रुपये जातात. प्रक्रिया शुल्क आणि त्यावरील जीएसटी वेगळा. जुनी गाडी विकताना या किटची किंमत क्वचितच कोणी मोजतो, उलट छेडछाड केलेली गाडी म्हणून भाव पाडला जाण्याचीच शक्यता अधिक. मूळ भाग जपून ठेवून विक्रीपूर्वी ते परत बसवता येतील आणि किट वेगळे विकता येईल हे खरे, परंतु आपले मूळ भाग आधीच थकलेले असल्याने तो मार्गही अर्धाच उरतो. वाढीव घसारा गृहीत न धरताही तीन वर्षांच्या वापरासाठी आपण एक लाखाहून अधिक रक्कम खर्च करणार आहात.

रस्त्यांचाही विचार करावा. आपल्याकडची काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यावरील डांबरी रस्त्यांना लाटा पडतात. गावागावांतील गतिरोधक तर कोणत्या मापाने बांधतात ते बांधणाऱ्यालाच ठाऊक. अशा रस्त्यावर गाडी खाली बसवून कडक स्प्रिंग लावली, तर चाक रस्त्याला धरून राहण्याऐवजी उसळते, आणि गाडीचा तळ घासण्याचे प्रमाण वाढते. उंची बदलली की चाकांचे कोनही बदलतात. अलाइनमेंट नीट झाले नाही तर टायर एका बाजूने झिजतात. तसेच किटमध्ये काही बिघडल्यास किंवा फेरजुळणी लागल्यास तीनशे किलोमीटरहून दूर असलेल्या पुण्याला जावे लागेल, हा खर्च आपल्या हिशेबात नाही. उंची न बदलता चांगल्या दर्जाचे गॅसयुक्त शॉकअप बसवणे हा मधला पर्याय आहे, पण गाडी तीनच वर्षे ठेवायची असल्याने मी त्यासाठीही आग्रह धरणार नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. शॉकअपच्या जागी मूळ प्रकारचा शॉकअप बसवणे ही साधी दुरुस्ती आहे. उंची बदलणारे किट बसवायचे असल्यास मात्र आधी विमा कंपनीला लेखी कळवून तिचे उत्तर हाती घ्यावे, कारण न कळवलेला बदल दावा मागताना अडचणीचा ठरू शकतो.

माझा सल्ला असा की कर्ज काढू नये. ७०,००० रुपयांची शिल्लक आपल्या दोन महिन्यांच्या खर्चालाही पुरत नाही, म्हणून तिच्यातूनही २६,००० एकदम काढू नयेत. ज्या ४,३२० रुपयांच्या हप्त्याची आपण तयारी केली आहे, तेवढीच रक्कम सहा महिने आवर्ती ठेवीत टाकली, तर व्याज न धरताही २५,९२० रुपये जमतात. शॉकअपमधून तेल गळत असेल किंवा ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढत असेल, तर मात्र थांबू नये. शिल्लक वापरून काम तत्काळ करावे आणि ती रक्कम त्याच हप्त्याने भरून काढावी.

काम करून घेताना शॉकअप एकेक न बदलता एका अ‍ॅक्सलचे (पुढच्या किंवा मागच्या चाकांच्या जोडीचे) दोन्ही एकदम बदलावेत, बिलावर भागांचे क्रमांक व वॉरंटी लिहून घ्यावी आणि अलाइनमेंट त्याच दिवशी करावे. टायर कधी बदलले ते आपण कळवलेले नाही. ते पाच-सहा वर्षांपूर्वीचे असतील, तर आवर्ती ठेव सहा महिन्यांनी न मोडता पुढे चालू ठेवावी आणि त्यातून पुढील टायर घ्यावेत.