गाडी उभी असताना थरथरते, दोष कार्बोरेटरचाच का?

या खेपेच्या बहुतेक पत्रांत तक्रार एकच आहे: गाडी रस्त्यावर पळते झकास, पण उभी राहिली की थरथरते, स्लोला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, बसत नाही. आणि बहुतेकांनी पत्र लिहिण्याआधी कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग, एकदा तरी खोलून घेतलेला आहे. तो समोरच दिसतो, चार नटांत निघतो, म्हणून पहिला मार त्यालाच. माझा क्रम उलटा आहे. आधी ठिणगी, मग व्हॉल्व्ह, मग हवेची गळती आणि कार्बोरेटर सगळ्यांत शेवटी.

माझी १९९७ची मारुती ८००. सकाळी चांगली चालते. तापल्यावर गंजगोलाईच्या गर्दीत थांबली की धडधड करायलीय, कधी बंदच पडते. मिस्त्रीने दोनदा कार्बोरेटर धुतला. आधी गॅस किट होतं, मागच्या वर्षी काढून टाकलं. (निवृत्त शिक्षक, लातूर)

गुरुजी, पत्रातलं सगळ्यांत मोलाचं वाक्य तुम्ही जाता जाता शेवटी लिहिलंय. गॅस कोरडा जळतो. त्यावर वर्षानुवर्षं चाललेल्या इंजिनात व्हॉल्व्हच्या सीट, म्हणजे तो मिटताना टेकतो त्या कडा, झिजतात, व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो आणि टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधली, फट कमी होत जाते. थंड इंजिनात थोडी फट उरलेली असते, म्हणून सकाळ बरी जाते. तापल्यावर व्हॉल्व्हची दांडी लांबते, फट संपते आणि जळका धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. वेगात असताना ही गळती जाणवत नाही, कारण दाब निसटायला वेळच मिळत नाही. स्लोला मात्र भरपूर वेळ असतो. तुमचं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. तिफणीची एक नळी तुंबली की दर तिसरं तास मोकळं जातं, तसं तुमच्या गाडीत चाललेलं असणार.

पण मिस्त्रीकडे नेण्याआधी एक गोष्ट स्वतः बघा. धडधड नेमकी कधी सुरू होते? चोक (थंड इंजिनाला जादा पेट्रोल देणारी ओढणी) आत ढकलल्या ढकलल्या होत असेल तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, म्हणजे जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) तरी तुंबलाय किंवा कुठून तरी जादा हवा शिरतेय. चोक आत असतानाही पाच-सात किलोमीटर नीट चालून मगच बिघडत असेल, तर आधी टॅपेट. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचे टॅपेट फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) बघायला सांगा, माप मॅन्युअलमधलंच घ्या. नंतर तापलेल्या इंजिनावर तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब. आकड्यापेक्षा तिघांतला फरक महत्त्वाचा. फट बरोबर करूनही एक सिलिंडर बाकीच्यांच्या बराच खाली राहिला, तर व्हॉल्व्ह जळालाय. मग हेड उतरवण्याला पर्याय नाही.

किट काढताना आणखी एक घोटाळा होतो. मॅनिफोल्डवरून (कार्बोरेटरचं मिश्रण सिलिंडरांत नेणाऱ्या वाटेवरून) गॅसच्या रेग्युलेटरला गेलेली व्हॅक्यूमची बारीक नळी कापतात आणि तोंड उघडंच ठेवतात, नाहीतर त्यात खिळा खोचतात. ती नळी शोधा. इंजिन स्लोला ठेवून एकेक रबरी पाइप चिमट्याने दाबा. एखादा दाबल्यावर आवाज सुधारला तर चोर सापडला. कार्बोरेटरच्या बुडाच्या पॅकिंगभोवती तेलाच्या कुपीने इंजिन ऑइलचे दोन-चार थेंब सोडून बघा. गळती असेल तर तेल आत ओढलं जाऊन आवाज क्षणभर बदलतो. काही गॅरेजांत हीच परीक्षा पेट्रोल शिंपडून करतात. तापलेल्या एक्झॉस्टच्या शेजारी हा उद्योग कुणालाही करू देऊ नका.

प्रीमियर पद्मिनी, वडिलांची. स्लोला मिसिंग मारते, सायलेन्सरमधून ‘फट्-फट्’ असा अर्धवट आवाज. पाऊस पडला की जास्त. प्लग नवे टाकले. (परभणी)

आवाज ठरावीक ठोक्याने तुटतो की कसाही? ठरावीक तुटत असेल तर एकच सिलिंडर काम करत नाही. इंजिन चालू ठेवून, रबरी मुठीच्या पक्कडने एकेका प्लगची वायर क्षणभर काढा. जी काढल्यावर इंजिनाला काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर दोषी. शेजारशेजारचे दोन, म्हणजे दोन नंबर आणि तीन नंबर, एकदम थंड निघाले तर त्यांच्या मधोमध हेड गॅसकेट फुटलंय.

पण पावसात वाढतंय म्हटल्यावर माझा संशय डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे प्लगांना वीज वाटणाऱ्या डबीच्या, झाकणावर. आपल्याकडची काळी धूळ त्यावर बसते, ओल लागली की विजेला त्यातून वाट मिळते. अंधार पडल्यावर बॉनेट उघडून, गाडी चालू ठेवून लांबूनच बघा. झाकणावर किंवा वायरींवर निळ्या रेघा पळताना दिसल्या तर झाकण, रोटर आणि वायरी एकदमच बदला. त्याच डबीतल्या पॉइंटची (वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांची) फट मॅन्युअलमधल्या मापाने ठेवा. पॉइंट सारखे जळत असतील तर त्यांना घासत बसू नका, त्यांच्यावरची ठिणगी शोषणारा कंडेन्सर गेलाय. आणि प्लग नवे टाकताना वायरींची अदलाबदल तर झाली नाही ना? सिलिंडर पेटण्याचा क्रम १-३-४-२. हसू नका, ही चूक मी स्वतः केलेली आहे आणि अर्धा दिवस कार्बोरेटरला शिव्या दिल्या आहेत.

आजोबांची जुनी ॲम्बेसेडर दोन वर्षं मोसंबीच्या बागेतल्या शेडमध्ये उभी होती. बॅटरी टाकून चालू केली, पण रेस दिल्याशिवाय टिकत नाही. (जालना)

इथे मात्र दोषी कार्बोरेटरच, निदान मोठा वाटेकरी. टाकीतलं पेट्रोल सगळं काढा. आता पंपावर वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतली ओल शोषतं, पाणी जास्त झालं की ते दोन्ही पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात आणि इंजिनाला पहिला घोट तोच जातो. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल साठतं त्या फ्लोटच्या वाटीत पांढरी पूड दिसेल. जुने रबरी पाइप आणि गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा इथेनॉलने फुगतो किंवा चिरतो, ते नवे घाला. जेटची भोकं कॉम्प्रेसरच्या हवेने साफ करायची. तार घातली की भोक मोठं होतं आणि ते परत लहान होत नाही.

तुमच्या गाडीला एसयू (आत वरखाली होणारा पिस्टन असलेला) कार्बोरेटर असेल तर वरची पितळी टोपी उघडून तेल आहे का बघा, आणि आतला पिस्टन बोटाने उचलून सोडा. ‘टक्’ आवाज करून खाली बसला पाहिजे. अडकला तर नुसता पुसा, पॉलिश पेपर लावू नका. शेडमधली गाडी म्हणजे उंदरांनी कुरतडलेल्या वायरी आल्याच. एअर क्लीनरच्या नळीत कुंभारीण माशीचं मातीचं घर आहे का, तेही बघा.

इथेनॉलबद्दल एक हिशेब. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात, वीस टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. जुना कार्बोरेटर पहिल्या हिशेबावर बसवलेला, म्हणजे आता त्याचं मिश्रण पातळच, म्हणजे पेट्रोल कमी, पडणार. हे प्रमाण ठरवणारा मिक्स्चर स्क्रू थोडा पेट्रोलच्या बाजूला न्यावा लागेल.

मे महिन्यात तुळजापूरचा घाट चढून दहा मिनिटं थांबलो. परत चालू केली तर पेट्रोलचा वास, गाडी लडखडते, मग आपोआप सुधारते. गाडीतल्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकतो, उपयोग नाही. (धाराशिव)

फडकं पेट्रोल पुढे येत नसेल तेव्हा कामाचं. तुमच्याकडे उलटं झालंय: बंद इंजिनाच्या धगीने वाटीतलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये सांडलंय. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि तसाच स्टार्टर मारा, पायाने पंप करू नका. नंतर कार्बोरेटरखालचा, धग अडवणारा बेकलाइटचा जाड ठोकळा जागेवर आहे का बघा. कुणीतरी तो काढून नुसतं कागदी पॅकिंग बसवलेलं असतं.

मिस्त्री म्हणतो, स्लो वाढवून देतो, थरथर जाईल. करू का? (बीड)

जाईल, दोन आठवडे. मग चावी काढल्यावरही इंजिन घुर्र-घुर्र करत राहील, आणि तुम्ही पुन्हा पत्र लिहाल. त्याला म्हणावं, दादा, मिक्स्चर स्क्रू हळूहळू पूर्ण आत फिरव. नीट कार्बोरेटर असेल तर गाडी बंद पडायला हवी. बंदच पडत नसेल, तर स्लोचं पेट्रोल त्या वाटेने येतच नाहीये. हवा गळतेय, स्लोचा जेट तुंबलाय किंवा ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची पाकळी मुळातच जास्त उघडी ठेवलीय. आणि स्क्रू तळाशी टेकला की थांब म्हणावं. आवळला तर टोक वाकतं.