ठणका चढायच्या आधी

अगं, डोकं फुटत असताना शवासन केलंस आणि काही फरक पडला नाही, यात तुझं काही चुकलं नाही. अर्धशिशी पुरती चढल्यावर श्वासाने उतरत नाही. माझी तरी २२ वर्षांत उतरली नाही. खरी वेळ त्याच्या आधीची. माझी मान आखडते, जांभयांवर जांभया येतात, फोडणीचा वास नकोसा होतो. तेव्हाच गॅस बंद, पडदे ओढलेले, मोबाइल दुसऱ्या खोलीत. गार पाण्यात पिळलेला पंचा कपाळावर.

मग आडवं पडून पावलांपासून सुरुवात. ५ सेकंद आवळायची, १५ सेकंद ढिली सोडायची. पोटऱ्या, मांड्या, मुठी, खांदे. खांदे कानांपर्यंत उचलून सोडलेस की कळेल, दिवसभर किती वर धरले होतेस ते! जबडा मात्र आवळू नकोस, दातांत फट राहू दे. हे रोज रात्री करायचं, दुखत नसतानाही. अंगवळणी पडायला मला दोन महिने लागले.

उपाशी राहू नकोस. मी एकादशी सोडली, सासूबाई आठवडाभर फुगल्या होत्या.

गोळी घेतलीस की कालनिर्णयावर फुली मार. महिन्यात १०-१५ दिवस गोळ्या झाल्या तर त्यांनीच डोकं दुखायला लागतं. आणि कधी नव्हे इतकं एकदम दुखलं, जीभ जड झाली, हात लुळा पडला किंवा तापात मान ताठली, तर पंचाबिंचा राहू दे, थेट हॉस्पिटल गाठ.