कृषी सल्ला : वरचं शिवार विकलं, पाणी आपल्या भातात

प्रश्न (येळ्ळूर शिवार, बेळगाव) : वरच्या अंगाची सलग जमीन बाहेरच्या पार्टीने घेऊन मुरूम टाकून प्लॉट पाडले. आमच्या भातात पाणी तुंबून पीक पिवळं पडलं. विहीर मात्र उन्हाळ्यात लवकर तळाला गेली. औषध कोणतं मारू? एजंट आता आमच्याही मागे लागलाय.

उत्तर : आधी एक रोप उपटून बघा. मुळं काळी पडली असतील आणि कुजका वास येत असेल तर तो रोग नव्हे, मुळं गुदमरलीत. औषधाचे पैसे वाचवा. चर मारून पाणी काढा, जमीन जरा वाफशाला येऊ द्या (ओल बेताची होऊन मातीत हवा खेळू द्या), मगच युरियाचा हप्ता द्या.

आता विहिरीचं. एका एकरावर इंचभर पाऊस म्हणजे सुमारे 1 लाख लिटर पाणी. बांधबंदिस्त भातशेतात ते थांबून मुरतं, रोलर फिरवलेल्या मुरमावरून थेट तुमच्या वाफ्यात येतं. म्हणून पावसात पूर, उन्हाळ्यात विहीर कोरडी.

कर्नाटकात बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घ्यायला आडवी येणारी जमीन सुधारणा कायद्याची 79 अ आणि 79 ब ही कलमं 2020 च्या दुरुस्तीने गेली. तेव्हापासून पैसेवाल्यांची वाट मोकळी झाली. पण नुसती मोठी जमीन घेतली म्हणून शेती होत नाही. बेंगळुरूच्या करुतुरी कंपनीने इथिओपियाच्या गांबेला भागात 1 लाख हेक्टर भाडेपट्ट्याने घेतली होती. 2011 मध्ये बारो नदीच्या पुरात तिचा मका गेला. नदीचा स्वभाव स्थानिकांना विचारला असता तर!

तुमच्याकडे पहिला संशय नाल्यावर घ्या. गावनकाशा काढा, वरच्या सर्व्हे नंबरच्या उताऱ्यावर (आरटीसी) 'ब खराब' किती गुंठे आहे ते बघा. नाला, वाट त्यात धरलेली असते आणि ती सरकारी, विकणाऱ्याची नव्हे. तीच बुजवली असेल तर फोटो जोडून तहसीलदारांकडे अर्ज द्या, मोजणी मागा. एकट्याने नको, खालच्या अंगाच्या सगळ्यांनी मिळून सह्या करा आणि पोच घ्या.

एजंटाकडून ॲडव्हान्स घेण्याआधी उताऱ्याचा 9 नंबरचा कॉलम वाचा. भावाबहिणींची नावं सामाईक असतील तर एकट्याच्या सहीने भांडण घरात येतं. 11 नंबरात सोसायटीचा बोजा दिसेल. कोऱ्या स्टॅम्पवर अंगठा नाही, वटमुखत्यारपत्र तर मुळीच नाही.