लकव्यानंतर चालताना तालाचा उपयोग होतो का?

ताई, बाबांना लकव्याचा झटका येऊन तीन महिने झालेत, काठी धरून चालतात पण उजवा पाय ओढतात, वळताना तोल जातो. मोबाइलवर भजन लावून चालवलं तर फरक पडेल का, असं तुम्ही विचारलंय. पडेल. पण कोणतंही भजन लावून नाही. मी नागपुरात धंतोलीत फिजिओथेरपी करते आणि या उपायावर माझा मनापासून विश्वास आहे.

ठोका नियमित असला की पुढचा कधी पडणार हे मेंदू आधीच ओळखतो आणि पायाचे स्नायू त्या क्षणासाठी तयार होतात. वाचा गेलेल्यांनाही हे जमतं, कारण शब्द समजायची गरजच नसते. मायकेल थॉट हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००७ सालच्या अभ्यासात लकव्याचे ७८ रुग्ण होते. तीन आठवडे, आठवड्यातले पाच दिवस, रोज अर्धा तास. तालावर चालणाऱ्यांचा वेग आणि पावलाची लांबी तालाशिवाय सराव करणाऱ्या गटापेक्षा जास्त सुधारली.

सुरुवात बाबांच्या स्वतःच्या चालीपासून करा. मिनिटाला किती पावलं पडतात ते मोजा. ५० पडली तर मेट्रोनोम ॲपवर (ठरावीक गतीने टिकटिक ठोका देणारं ॲप) ५०च लावा. ‘सोपं जाईल’ म्हणून कमी करू नका. फार संथ ठोक्यावर एका पायावर जास्त वेळ उभं राहावं लागतं. पावलं सारखी पडू लागली की ५२-५३ करा. अधूनमधून ठोका बंद करून चालवा, ताल अंगात उरला का ते तेव्हाच कळतं.

भजन हवंच तर केहरवा तालातलं घ्या. आठ मात्रा, दर मात्रेला एक पाऊल (लय जलद असेल तर दोन मात्रांना एक), म्हणजे सम, तालाची पहिली मात्रा, नेहमी त्याच पायावर येते. ती उजव्यावर येऊ द्या. रूपक तालाच्या सात मात्रांत सम दर आवर्तनाला (तालाच्या दर फेरीला) पाय बदलते, बाबा गोंधळतील. घरात कुणी टाळ धरला तर फारच छान, गती आपल्या हातात राहते.

तोलासाठी आधी ओट्याला धरून उभं राहायचं आणि त्याच ठोक्यावर वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्यायचं. वळताना ठोक्यागणिक छोटी पावलं.

पाऊल घोट्यातून लोंबत असेल तर ताल ते उचलणार नाही, स्प्लिंट (घोट्याला आधार देणारी पट्टी) लागेल. आधी तुमच्या फिजिओथेरपिस्टला दाखवा. चालताना उजव्या बाजूला कुणीतरी हवंच. नागपूरच्या उन्हाळ्यात सकाळी लवकर किंवा घरातच चालवा, आणि रस्त्यावर हेडफोन नको, मागून येणाऱ्या गाडीचा हॉर्न ऐकू आला पाहिजे.