पट्टी नंतर, आधी वीत

ताई, दुसरीचा वर्ग पहिल्यांदाच घेताय, तर लांबी मोजायला शिकवताना पट्टी लगेच हातात देऊ नका. आधी दोन दोऱ्या शेजारी धरून कोणती लांब, एवढंच. त्यातली एक वाकडी ठेवली की बरीच मुलं ती आखूड झाली म्हणतात. रागावू नका, या वयाचा विचार असाच चालतो; मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी ते दाखवून दिलंय. दोरी त्यांच्याच हातांनी पुन्हा सरळ करू द्या.

मग वीत, पाऊल, आइस्क्रीमच्या काड्या. इथे दोन चुका बघा:

- काड्यांमध्ये फट राहते, नाहीतर त्या एकमेकींवर चढतात.
- अख्ख्या आणि तुटक्या काड्या एकत्र मोजल्या जातात.

बाक तुमच्या ७ विती आणि मुलाच्या ११ भरला, की "असं कसं?" हे मूलच विचारतं. सेंटिमीटर तेव्हा आणा.

पट्टीवर मुलं १ पासून मोजतात, किंवा मधली घरं सोडून रेघा मोजतात. पेन्सिल ३ वर ठेवा, टोक ८ वर येऊ द्या. लांबी किती? पुष्कळ जण ८ म्हणतील. हा प्रश्न मला दहा स्वाध्यायांहून मोलाचा वाटतो. त्यावर अख्खा तास गेला तरी जाऊ द्या.

क्षेत्रफळाचं सूत्र आत्ता नकोच. वहीच्या पानावर चौकोनी कागद फट न ठेवता बसवू द्या, पुरे.