चीनमधल्या कारखान्याचे नमुने उत्तम होते, तिसऱ्या ऑर्डरला स्टीलच्या बाटल्या गंजल्या. फसवतोय का?

सरळ फसवणूकच असेल असं नाही. भाव फार घासला की कारखाना तो पुढच्या खेपांत कच्च्या मालातून वसूल करतो. तुमच्या बाबतीत पहिला संशय ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलऐवजी स्वस्त, लवकर गंजणाऱ्या २०१ ग्रेडचा. दोन्ही चकचकीत, दोन्हींना चुंबक सहसा चिकटत नाही. त्यामुळे चुंबक लावून बघण्यात अर्थ नाही. ३०४ मध्ये निकेल ८ ते १०.५ टक्के असतं, २०१ मध्ये ३.५ ते ५.५, आणि वर मँगनीज ५.५ ते ७.५ टक्के. हातात धरायचं एक्सआरएफ यंत्र (क्ष-किरणांनी धातूतले घटक मोजणारं) हे काही सेकंदांत दाखवतं.

पुढच्या वेळी ऑर्डरमध्ये ग्रेड लिहा, सही केलेला एक नमुना तिकडे आणि एक स्वतःकडे ठेवा. ३० टक्के आगाऊ, उरलेले ७० तपासणी पास झाल्यावर. तपासणी कंटेनर भरायच्या आधी, त्रयस्थ संस्थेकडून. आयएसओ २८५९-१ या नमुना-तपासणीच्या मानकातल्या सर्वसाधारण पातळी २ प्रमाणे २००० नगांच्या लॉटमधून १२५ नग काढतात, एक्यूएल (चालणाऱ्या दोषांची ठरवलेली मर्यादा) २.५ ला ७ सदोष चालतात, ८ निघाले की लॉट नापास. खोकी तपासनिसानेच निवडायची, नाहीतर पुढ्यात मांडलेलीच तपासली जातात.

संशय तिकडूनही असतो: हा गिऱ्हाईक माल तयार झाल्यावर भाव पाडेल, बाकी लटकवेल. तपासणी पास झाली की त्याच दिवशी पैसे सोडा. आणि मध्येच बँक खातं बदलल्याचा ईमेल आला, तर आधी जुन्या नंबरवर फोन करून खात्री करा.